सिनेमातला पोशाख, नानीची पेटी आणि आपला हिमरू

जानेवारी जवळ आला की आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "टीचर, फेस्टिव्हलला काय घालून जायचं?" फेस्टिव्हल म्हणजे आपल्या छत्रपती संभाजीनगरातला (औरंगाबाद) अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. त्याची दहावी खेप 15 ते 19 जानेवारी 2025 या काळात प्रोझोन मॉलच्या चित्रपटगृहात झाली. त्या वर्षीचा पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार सई परांजपे यांना मिळाला, त्याआधीच्या वर्षी जावेद अख्तर यांना. शहरातली कॉलेजची मुलं-मुली तिथं जातात, मराठी, हिंदी, परदेशी सिनेमे बघतात आणि अर्थातच फोटो काढतात. फोटो म्हटलं की कपडे आलेच.

हल्ली एक नवी हौस आली आहे. जो सिनेमा बघायचा, त्याच्या रंगाढंगाचे कपडे घालून जायचं. 2023 मध्ये 'बार्बी' लागला तेव्हा जगभर लोक गुलाबी कपडे घालून थिएटरात गेले, आपल्याकडेही गेले. जून 2025 मध्ये जुना 'उमराव जान' दुरुस्त करून पुन्हा पडद्यावर आला, आणि त्याच वर्षी ईदला फर्शी सलवारीची लाट आलेली होतीच. आमच्याकडे मुलींच्या आया विचारायला आल्या, "टीचर, हे फर्शी म्हणजे काय? दुकानदार एक सांगतो, शिंपी दुसरंच सांगतो."

काही घरांत सिनेमा चालतच नाही, हे आम्हाला माहीत आहे. त्यांच्याशी आमचा वाद नाही. त्यांनी हा लेख कापडाची गोष्ट म्हणून वाचावा. कारण सिनेमातून 'फॅशन' म्हणून जे आपल्याला विकलं जातं, त्यातलं पुष्कळसं आपल्याच नानी-दादीच्या पेटीतून गेलेलं आहे. ते चुकीच्या नावाने आणि चढ्या भावाने परत येतं, एवढंच.

नावांचा गोंधळ आधी मिटवू

शहागंजात किंवा गुलमंडीवर जाऊन 'गरारा दाखवा' म्हणा. दहातले सात दुकानदार शरारा काढतील. फरक अगदी साधा आहे. गरारा गुडघ्यापर्यंत पायजम्यासारखा अंगासरशी येतो, गुडघ्याला जोड असतो, त्या जोडावर गोटापट्टी लावतात आणि तिथून खाली चुण्यांचा मोठा घेर सुटतो. शरारा कमरेपासूनच सुटत जातो, मधे जोड नाही. लेहंग्याचे दोन पाय केले तर जसा दिसेल तसा. फर्श म्हणजे जमीन. ज्याचा घेर जमिनीवर लोळतो तो फर्शी. जुन्या घरांतल्या बेगमा फर्शी गरारा घालून चालताना घेर हातावर उचलून घ्यायच्या. आज जी फर्शी सलवार चालते, ती त्याचीच धाकटी बहीण. तिचा घेर खाली रुंद असतो आणि वर कुर्ता आखूड असतो. बसस्टॉपवर उभं राहायचं असेल तर शिंप्याला आधीच सांगा की जमिनीपासून दोन बोटं वर ठेव. आमच्या एका विद्यार्थिनीचा नवा कोरा घेर रिक्षाच्या पायरीत अडकून फाटला, म्हणून सांगतो.

अनारकलीचं तसंच. 'मुघल-ए-आझम' 1960 चा. त्यातल्या मधुबालाच्या भूमिकेचं नाव आज एका ड्रेसला कायमचं चिकटलं आहे. पण मुघल काळात बायका घालत त्याचं नाव पेशवाज. तो पुढून उघडा, छातीशी बांधलेला, खाली घेरदार, आत पायजमा. आजचा अनारकली पुढून बंद असतो, म्हणजे फ्रॉकच्या जवळचा. त्याचा घेर कळ्यांनी होतो. कळी म्हणजे वर निमुळती आणि खाली रुंद अशी कापडाची पट्टी. जितक्या कळ्या जास्त तितका घेर छान पडतो आणि कापडही जास्त लागतं. स्वस्त रेडीमेड अनारकलीत कळ्या कमी करून खाली नुसत्या चुण्या घालतात, म्हणून तो अंगावर फुगतो, पडत नाही. घेण्याआधी आतून उलटा करून शिवण बघा.

आणखी एक. आपला मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आपल्या घरांत लखनौपेक्षा हैदराबादचे कपडे जास्त. खडा दुपट्टा आजही आपल्याकडच्या निकाहात दिसतो. सहा वारांचा दुपट्टा, आत कुर्ती, खाली चुडीदार. कुठल्या गाजलेल्या नटीच्या नावाने तो विकला जात नाही, म्हणून मुलींना तो 'जुना' वाटतो. आमच्या मते खडा दुपट्ट्याची नवरी 'उमराव जान'पेक्षा तसूभरही कमी दिसत नाही.

अजिंठ्याचे कपडे पडद्यावर

आता खरी गोष्ट. सिनेमातल्या पोशाखाचा आणि आपल्या जिल्ह्याचा संबंध आजकालचा नाही. 1966 मध्ये 'आम्रपाली' नावाचा सिनेमा आला. वैजयंतीमाला त्यात वैशालीच्या नर्तकीच्या भूमिकेत होती. तिचे कपडे बेतले भानू अथय्या यांनी, आणि ते बेतले अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून. म्हणजे आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, वाघूर नदीच्या वळणावर लेण्यांच्या भिंतींवर जे कपडे दीड हजार वर्षं रंगवलेले होते, ते मुंबईच्या स्टुडिओत शिवले गेले. त्यानंतर प्राचीन काळातली राणी किंवा नर्तकी दाखवायची म्हटली की नाटकात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, टीव्हीवर तोच पोशाख येऊ लागला. पुष्कळांना तो कुठून आला हे ठाऊक नसतं.

भानू अथय्या कोल्हापूरच्या. जन्म 1929. माहेरचं आडनाव राजोपाध्ये. मुंबईला जे. जे.मध्ये चित्रकला शिकल्या, मग सिनेमात आल्या. 'गांधी' सिनेमासाठी 1983 मध्ये त्यांना जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. 2020 मध्ये त्यांचं निधन झालं. आपल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. गुरुदत्त यांनी काढलेल्या 'चौदहवीं का चाँद'चे कपडेही त्यांचेच. लखनौच्या मुस्लिम घरांची ती गोष्ट, बुरख्यावरून झालेल्या घोटाळ्यावर उभी असलेली. तिचे कपडे कोल्हापूरच्या मराठी बाईने केले आणि ते कुणाला परके वाटले नाहीत. 'वक्त'मध्ये साधनाने घातलेला तंग कुर्ता आणि चुडीदारही त्यांचाच. पुढे कॉलेजच्या मुली तसाच शिवून मागायच्या. आमच्या अम्मी सांगायच्या, त्यांच्या वेळी 'साधना कट' केसांचाही होता आणि कुर्त्याचाही.

'मुघल-ए-आझम'चं असंच. त्याचे शिंपी दिल्लीहून आले, दागिने हैदराबादच्या कारागिरांनी घडवले, मुकुट कोल्हापूरच्या. पडद्यावरची बादशाही अशी गावोगावच्या हातांनी जमवली होती. 'पाकीजा'चे कपडे मीनाकुमारी यांनी स्वतः बेतले, 'उमराव जान'चे सुभाषिनी अली यांनी. हे सगळे लोक आधी कापड बघायचे, जुनी घरं आणि जुनी चित्रं बघायचे, मग कात्री हातात घ्यायचे. म्हणून इतक्या वर्षांनीही त्या कपड्यांकडे बघावंसं वाटतं.

आता मुली विचारतात, 'आम्रपाली'सारखं काय घालता येईल? तो काट आपल्या मुलींना घालता येणार नाही, घालूही नये. ते नेसणं नर्तकीचं आहे. पण अजिंठ्यातून आणखी एक गोष्ट घेता येते, ती म्हणजे रंग. तिथले रंग मोजके आहेत. गेरूचा लाल, पिवळी माती, मातकट हिरवा, काजळीचा काळा, चुन्याचा पांढरा, आणि निळा. तो निळा लाजवर्द दगडाचा, बदख्शानकडून आलेला म्हणतात. मागच्या वर्षी आमच्या एका मुलीने साधा पांढरा कुर्ता-सलवार घातला, डोक्याला गेरूच्या रंगाचा स्कार्फ बांधला आणि खांद्यावर लाजवर्दी ओढणी घेतली. झालं. पद्मपाणी पुरस्काराचं नाव ज्या चित्रावरून आलं, त्या पहिल्या लेणीतल्या बोधिसत्त्वाचा फोटो मोबाइलवर काढून तिने शेजारी धरला. रंग जुळत होते. नवीन खर्च फक्त स्कार्फचा.

हिमरू हीसुद्धा नक्कलच

कुणी म्हणेल, नक्कल ती नक्कलच. आम्हीही पूर्वी असंच म्हणायचो. पण आपल्या शहराचं नाव ज्या कापडाने दूरवर गेलं, तो हिमरू बघा. बादशहा-अमीर किनखाब घालत. किनखाब रेशमाचा, त्यात सोन्या-चांदीची जर. ती सगळ्यांना परवडणारी नव्हती. मग विणकरांनी सुती ताणा आणि रेशमी बाणा घेऊन तीच वेलबुट्टी विणली. ते कापड दिसायला किनखाबाच्या जवळ, अंगाला मऊ आणि खिशाला हलकं होतं. हिमरू हे नावच फारसी 'हम-रूह'वरून आलं, म्हणजे तसंच, त्याच्यासारखं, असं सांगतात. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादेला आणली, तेव्हा दिल्लीकडून आलेल्या कारागिरांबरोबर ही कला इकडे आली, अशी आपल्याकडची समजूत. पुढे त्याच हिमरूच्या शेरवान्या निजामाच्या दरबारात गेल्या.

म्हणजे नक्कल म्हणून जन्मलेलं कापड इथल्या मातीत अस्सल झालं. कारण विणणाऱ्याला ठाऊक होतं की आपण कशाची नक्कल करतोय, त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं.

त्याचा भाऊ मशरू. या कापडाची गोष्ट तर प्रत्येक मुस्लिम घरात मुलांना सांगण्यासारखी आहे. पुरुषांना शुद्ध रेशीम अंगाला लावणं शरीयतने मना केलं आहे. मग विणकरांनी असं कापड काढलं की वरून रेशीम चमकतं आणि आतून, अंगाच्या बाजूला, सूत असतं. नाव पडलं मशरू, म्हणजे शरीयतला मंजूर. दीन आणि शौक दोन्ही सांभाळायची ही युक्ती. आमच्या शेजारचे एक बुजुर्ग हसत म्हणतात, "उलमांनी सवाल केला, जुलाह्याने जवाब विणला."

आता दुखरी बाजू. नवाबपुरा आणि जफर गेटच्या बाजूला एकेकाळी हिमरूचे हातमाग वाजायचे. आज हाताने विणणारी घरं अगदी थोडी उरली आहेत. जुन्या मागावर नक्षी उचलायला एक माणूस दोऱ्या ओढतो आणि दुसरा धोटा फेकतो. दोघांच्या दिवसभराच्या मेहनतीतून थोडंसंच कापड निघतं. यंत्रमागावर तीच नक्षी झपाट्याने निघते आणि पर्यटकांना 'हिमरू शाल' म्हणून विकली जाते. दोन्हींत फरक कसा ओळखायचा? कापड उलटून बघा. हिमरूच्या पाठीवर नक्षीचे जादा धागे मोकळे सुटलेले दिसतात, त्यांच्यामुळेच ते कापड मऊ आणि उबदार लागतं. पाठ अगदी गुळगुळीत आणि हात लावला की प्लास्टिकसारखी सरकत असेल, तर दुकानदाराला सरळ विचारा, सूत कुठे आहे आणि रेशीम कुठे आहे. विचारायला लाजू नका. आम्ही विचारतो. काही दुकानदार तोंड वाकडं करतात, काही खुश होऊन आतला गठ्ठा काढतात.

पूर्ण हिमरूचा ड्रेस शिवायची ऐपत आमचीही नाही. पण बाहीची पट्टी, कुर्त्याचा गळा, मुलासाठी जाकीट, छोटी पर्स, एवढं तर जमतं. दादीची विरलेली हिमरू शाल पेटीत कसर खात पडली असेल, तर तिचा धड उरलेला भाग जाकिटाला पुरतो. कात्री लावण्याआधी दादीला विचारा मात्र. आमच्या घरात न विचारता असा प्रयोग झाला होता, त्याचा तपशील इथे नको.

"माझे अब्बू तर खाकी घालतात"

पोशाखाच्या बाबतीत आमच्या मनात रुतून बसलेला एक प्रसंग आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या गॅदरिंगला आम्ही परीक्षक होतो. विषय होता हिंदी सिनेमातली पात्रं. एका नाचात 'मुस्लिम दोस्त' होता. त्या मुलाला जाळीची बनियन, चौकड्याची लुंगी, गळ्यात काळा ताईत, डोळ्यांत काठोकाठ सुरमा आणि खांद्यावर हिरवा रुमाल. लोक हसले, टाळ्या पडल्या. करणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याने सिनेमात पाहिलं ते आणलं. आमच्या शेजारी आमचीच आठवीतली विद्यार्थिनी बसली होती. ती हळूच म्हणाली, "टीचर, माझे अब्बू तर एस.टी.त कंडक्टर आहेत. ते खाकी घालतात."

त्या दिवशी गुण देताना आमचा हात अडला. नंतर आम्ही त्या बाईंना, म्हणजे नाच बसवणाऱ्या शिक्षिकेला, चहाच्या वेळी बाजूला घेऊन बोललो. रागावून नाही. त्यांना 'गर्म हवा'बद्दल सांगितलं. फाळणीनंतरच्या आग्र्यातला जोड्यांचा कारखानदार सलीम मिर्झा, बलराज साहनींनी केलेला. त्याचे कपडे शमा झैदी यांनी केले. बघताना कुणाला वाटत नाही की हा पोशाख घातलाय. वापरून मऊ झालेले, एका घरंदाज माणसाचे कपडे वाटतात, जो रोज कामावर जातो आणि संध्याकाळी थकून घरी येतो. मुस्लिम पात्र असंही दाखवता येतं. बाईंनी लिहून घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी आम्हाला पुन्हा बोलावलं, यावरून काय ते समजा.

म्हणून आपली मुलं सिनेमातल्यासारखं नटायचं म्हणतात, तेव्हा आम्ही दोन गोष्टी विचारायला लावतो. हे पात्र काय काम करतं? आणि ते कपडे त्याला कुणी दिले, त्याने विकत घेतले, आईने शिवले की राजाने बक्षीस दिले? उत्तर आलं की अर्धा पोशाख ठरतो. मग कापड आणि रंग बघायचे. नक्षी सगळ्यात शेवटी. दुकानात आपण नेमकं उलट करतो. आधी चमकी बघतो आणि घरी येऊन म्हणतो, हे टोचतंय. नेट आणि चमकीच्या रेडीमेड कपड्याला आत सुती अस्तर नसेल तर तो दोन तासही अंगावर ठेववत नाही, आणि सिनेमाच दोन तासांचा असतो!

सई परांजपेंचा 'चश्मे बद्दूर' आम्ही मुलांना याचसाठी दाखवला. त्यात दीप्ती नवल दारोदार साबणाची पावडर विकते. तिचे कपडे रोजचे, धुऊन वापरता येणारे. मुली म्हणाल्या, टीचर, असं तर आमच्याकडे आहे. हेच ऐकायचं होतं आम्हाला.

सगळ्या मुलींना प्रोझोनपर्यंत जाणं जमत नाही. कुणाच्या घरून परवानगी नसते, कुणाकडे रिक्षाचे पैसे नसतात. म्हणून महोत्सव संपल्यावर आम्ही शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून एक सिनेमा दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या पोशाखात यायला सांगतो. अट एकच, नवीन काही विकत घ्यायचं नाही. एका वर्षी माजिद मजीदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' दाखवला. इराणचा, 1997 चा. अली आपल्या बहिणीचे, जहराचे दुरुस्तीला दिलेले बूट हरवतो. अब्बांकडे नव्यासाठी पैसे नाहीत. मग दोघं भावाचे एकच बूट वाटून घेतात. ती सकाळच्या शाळेत घालून जाते, धावत परत येते आणि गल्लीत बूट बदलून भाऊ दुपारच्या शाळेला पळतो.

दुसऱ्या दिवशी सहावीतल्या बऱ्याच मुली स्कार्फ बांधून आल्या, ते तर आमच्याकडे रोजचंच. एक मुलगी उशिरा आली. अंगावर गणवेश, डोक्याला पांढरा स्कार्फ, आणि पायात तिच्या मोठ्या भावाचे मळके कॅनव्हास बूट, दोन नंबरांनी मोठे. पुढच्या बाजूला कागद कोंबला होता. फटक-फटक वाजवत ती हॉलभर फिरली. सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या. आम्ही तिला पहिलं बक्षीस जाहीर केलं, तर ती घड्याळाकडे बघत म्हणाली, "टीचर, लवकर द्या. भाईजानची साडेबाराची शाळा आहे."